घराचा दोष कोणी सांगावा?

गेल्या वर्षी माझ्या भाचीने कोथरूडात एक सदनिका घ्यायचे ठरवले. इमारत पस्तीसेक वर्षांची, जागा मोक्याची. किंमत ऐकून मला घाम फुटला. पण माझ्या वयाच्या माणसाला तो आता कोणत्याही घराच्या किमतीने फुटतो, तेव्हा त्याचे काही नाही. भाची शहाणी. विसार देण्याच्या आधी तिने एक स्थापत्य अभियंता गाठला आणि मलाही बरोबर नेले. तो मुलगा ओल मोजायचे एक यंत्र, एक लहान हातोडी आणि विजेरी घेऊन दोन तास घरभर फिरला. न्हाणीघराच्या भिंतीमागे गेला, गच्चीवर चढला, खांबांच्या कोपऱ्यांवर टकटक करून कान लावून बसला. घराचे मालक एक निवृत्त गृहस्थ होते. ते आरामखुर्चीत बसून सारे पाहत होते. शेवटी न राहवून म्हणाले, ‘‘आम्ही पंचवीस वर्षं इथं राहतोय. आमच्या शब्दावर विश्वास नाही का तुमचा?’’

भाची हसून म्हणाली, ‘‘काका, तुमच्यावर आहे. तुमच्या नळांवर नाही.’’

तेही हसले आणि प्रसंग निभावला. मला मात्र हसू आले नाही. हेच वाक्य मी साठ वर्षांपूर्वी ऐकले होते, दुसऱ्या घरात, दुसऱ्या माणसाच्या तोंडून. त्या वेळी त्याला उत्तर देणारे कोणी नव्हते.

ती हकीकत १९६२ सालच्या फाल्गुनातली. तिच्या आधीचे वर्ष पुणेकरांनी विसरावे असे नव्हे. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेतचे धरण फुटले. त्या लोंढ्याने खडकवासल्याचे जुने धरणही फोडले, आणि मुठेचे पाणी पेठांतून शिरले. लकडी पूल आणि नवा पूल पाण्याखाली गेले. आमचे बिऱ्हाड सदाशिव पेठेत उंचावर होते म्हणून वाचले. मी अकरा वर्षांचा होतो. पाणी ओसरल्यावर वडिलांचे बोट धरून नदीकाठच्या पेठांतून गेलो, तेव्हा जे दृश्य पाहिले त्याचा अर्थ मला पुढे पुष्कळ वर्षांनी कळला. गल्लीच्या गल्ल्यांत भिंती नव्हत्या आणि घरे मात्र उभी होती. खांब होते, तुळया होत्या, माडीचा कडीपाट होता, त्यावर कोणाचा तरी पाळणा लोंबकळत होता; खाली चिखल.

जुना पुणेरी वाडा म्हणजे मुळात लाकडाचा सांगाडा. दगडी जोते, जोत्यावर तळखडे, तळखड्यांवर खांब, खांबांवर तुळया आणि त्यांवर कडीपाट. घर मोजायचे तेही या सांगाड्याच्या मापाने, म्हणजे दोन खांबांमधल्या खणांनी. भिंत ही त्या सांगाड्याची शाल. बाहेरून भाजक्या विटा आणि चुन्याचा गिलावा दिसला, तरी पोटात पुष्कळदा कच्चे भेंडे आणि माती असे. १८२८ साली शनिवारवाडा जळाला तेव्हा तट आणि जोती राहिली, वरचे सारे गेले, कारण आगीने लाकूड नेले. १९६१ साली नेमके उलट झाले. पाण्याने माती नेली आणि लाकूड ठेवले. पण जे पडले ते डोळ्यांना दिसले, त्याची मोजदाद झाली. खरा प्रश्न होता तो न पडलेल्या भिंतींचा. काही तास पाणी पिऊन ज्या उभ्या राहिल्या, वरून चुना लावल्यावर ज्या पहिल्यासारख्या दिसू लागल्या, त्यांच्या पोटात काय उरले होते?

वडील शाळामास्तर होते. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात आजी, आईवडील आणि आम्ही चार भावंडे. स्वतःचे घर हा वडिलांचा एकमेव नाद. पुरानंतर नदीकडच्या बाजूला घरांच्या किमती उतरल्या होत्या, आणि एका ओळखीच्या गृहस्थांमार्फत एक लहानसा दुमजली वाडा बारा हजारांना मिळण्याचे जुळून आले. मालक म्हणाले, आमच्याकडे पाणी उंबऱ्यापर्यंत आले आणि फिरले. भिंती नुकत्याच पांढऱ्या केल्या होत्या. वडिलांनी पाचशे एक रुपये विसार देऊन टाकला. बाकीचे पैसे फंडातून आणि आईच्या पाटल्या मोडून उभे करायचे होते. आई एवढेच म्हणाली, ‘‘अहो, पाटल्या मोडायच्या आधी एकदा मिस्त्रींना तरी दाखवा.’’

यावर भडकली ती आजी. लोकांच्या घरात शिरून त्यांच्या भिंती ठोकून पाहायच्या, हे तिला सहन होईना. ‘‘हे सोजिरांचे धंदे,’’ ती म्हणाली. ‘‘आपण नाही करायचे.’’

आजीचा जन्म १८९० चा. प्लेगच्या साली ती सात वर्षांची होती. १८९७ च्या फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा झाला, आणि मार्चपासून रँडसाहेबाच्या कमिटीच्या हुकमतीखाली गोऱ्या शिपायांच्या तुकड्या पुण्यात घरोघर शिरू लागल्या. रोगी शोधायचे, त्यांना इस्पितळात आणि त्यांच्या माणसांना छावणीत न्यायचे, जमिनी उकरायच्या, औषधी पाणी शिंपायचे, भिंतींना चुना फासायचा, असे ते काम. रोगाला अटकाव करायला हवा होता हे आज कोणीही कबूल करील. पण माजघरात आणि देवघरात बूट घालून शिरलेला सोजीर ज्या मुलीने पाहिला, तिच्या दृष्टीने घर तपासणे या शब्दाचा अर्थ कायमचा ठरून गेला. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. तो ३ जुलैला मरण पावला. त्याच्याबरोबरचा आयर्स्ट जागीच गेला. हे सारे इतिहासात आले. आमच्यासारख्या घरांतून तपासणीविषयी जो एक तिटकारा पुढच्या दोन पिढ्यांपर्यंत उतरला, तो मात्र कोणी लिहून ठेवला नाही. आपल्याकडे घर घेणारा माणूस कागद दहा वकिलांना दाखवील, पण भिंत एका गवंड्याला दाखवायला संकोचतो. या संकोचाची मुळे अनेक असतील. पुण्यापुरते त्यातले एक मूळ १८९७ च्या मार्चात आहे, असे मला आजीकडे पाहून वाटत आले आहे.

पुढे इतिहासाच्या नादाने जुने कागद चाळायला लागलो, तेव्हा पुण्यातल्या दप्तरांतून घरांची मोडी खरेदीखते पाहण्यात आली. त्यांत पूर्वपश्चिम-दक्षिणोत्तर चतुःसीमा असे, खण असत, चौक असत. जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसकट घर दिले असा घोष असे. म्हणजे खणताना हंडा सापडला तर तोही तुमचा. भाऊबंदांनी हरकत केली तर आम्ही निवारू अशी हमी असे, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या साक्षी असत. नसे ती एकच गोष्ट. तुळई किडली आहे की शाबूत आहे, भिंतीला कल आहे की नाही, याविषयी मी पाहिलेल्या कागदांत कुठे अक्षर नाही. जमिनीतल्या हंड्याची आठवण ठेवणारा कारकून डोक्यावरच्या तुळईला विसरला, याची मला प्रथम मौज वाटली.

पण तो विसरला नव्हता. याचा उलगडा मला कौटिल्यात झाला. अर्थशास्त्राची पोथी शामशास्त्र्यांनी १९०९ साली छापून जगापुढे आणली, आणि आपल्या मुंबईच्या र. पं. कंगल्यांनी १९६० पासून तिची चिकित्सक आवृत्ती, भाषांतर आणि अभ्यास अशा तीन भागांत तिचे सोने केले. तिसऱ्या अधिकरणात वास्तूच्या विक्रीचे प्रकरण आहे. घर विकायचे तर पहिला हक्क नातलगांचा, मग शेजाऱ्यांचा, मग सावकारांचा. ते नको म्हणतील तर बाहेरच्यांचा. आणि विक्री कशी करायची? शेजारच्या चाळीस कुळांच्या समक्ष, त्या घराच्याच दारापुढे उभे राहून पुकारा करायचा. या किमतीला कोण घेतो, असे तीनदा विचारायचे, आणि कोणी हरकत घेतली नाही म्हणजे घेणाऱ्याने घ्यायचे. चढाओढीने किंमत वाढली तर वाढावा सरकारजमा. वास्तूचे तंटेसुद्धा शेजाऱ्यांच्या साक्षीवर निकालात काढायचे असे तो सांगतो.

हा पुकारा बाजारात नाही, चावडीवर नाही, घराच्या दारात आहे. भोवती चाळीस कुळे उभी आहेत. त्यांतल्या कोणाला त्या घराची माडी कोणत्या वर्षी खचली ते ठाऊक आहे, कोणाच्या परसात त्याचे सांडपाणी येते, कोणाच्या बापाने ते बांधताना चुन्यात हात राखलेला पाहिला आहे. अशा मंडळींत मालक काय लपवणार? तपासणी कागदात नव्हती, कारण ती गल्लीत होती. आणि पहिला हक्क शेजाऱ्याचा म्हटल्यावर घेणारा बहुधा भिंतीपलीकडचाच. त्याने ते घर जन्मभर तपासलेलेच.

धर्मशास्त्रकारही याबाबतीत झोपलेले नव्हते. याज्ञवल्क्याने विकत घेतलेल्या वस्तूची परीक्षा करायला मुदती घालून दिल्या आहेत: बियाण्याला दहा दिवस, लोखंडाला एक, ओझ्याच्या जनावराला पाच, रत्नाला सात, दुभत्या जनावराला तीन. त्या काळाला शोभेल अशी दासदासींचीही मुदत आहे, तिच्याकडे आज पाहवत नाही. या यादीत घर नाही. ती उणीव भरून काढली मिताक्षराकार विज्ञानेश्वराने. मनूने खरेदीविक्रीचा पश्चात्ताप झालेल्याला दहा दिवसांत व्यवहार मोडायची मुभा दिली आहे. ती मुभा घर, शेत, वाहन, शय्या, आसन अशा वापराने नाश न पावणाऱ्या वस्तूंसाठी आहे, असा त्याने अर्थ लावला. म्हणजे कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात बसलेल्या त्या पंडिताच्या मते घर घेणाऱ्याच्या हाती दहा दिवस होते. दहा दिवसांत पाऊस पडला तर छप्पर कळावे, न पडला तर देवाची मर्जी.

बाहेर पाहिले तर निरनिराळ्या लोकांनी या प्रश्नाला निरनिराळ्या बाजूंनी हात घातलेला दिसतो. बाबिलोनच्या हम्मुराबीने बांधणाऱ्याची मान धरली. घर पडून मालक मेला तर बांधणाऱ्याला देहान्त, मालकाचा मुलगा मेला तर बांधणाऱ्याच्या मुलाला. आणि भिंत नुसती कलली तर त्याने ती स्वखर्चाने बळकट करून द्यायची. यहुद्यांच्या लेवीय ग्रंथात तर घराची तपासणी हे पुरोहिताचे कामच ठरवून दिले आहे. भिंतीवर हिरवट किंवा तांबूस डाग दिसला की मालकाने पुरोहिताला बोलवायचे. त्याने येण्यापूर्वी सामान बाहेर काढून घ्यायचे, नाहीतर तेही अशुद्ध ठरायचे. मग सात दिवस घर बंद. डाग पसरला तर ते दगड काढून गावाबाहेर टाकायचे, भिंती खरवडून नवा गिलावा करायचा. पुन्हा उमटला तर घर पाडायचे. ओलीविषयी इतके बारकाईने लिहिलेले दुसरे जुने शास्त्र मला ठाऊक नाही. विशेषतः सामान आधी बाहेर काढू देण्याची सवलत मला फार माणसाळलेली वाटते. आमच्या आजीला सोजिरांऐवजी तो पुरोहित भेटता तर!

परंतु या प्रश्नाच्या मुळाशी जाऊन भिडले ते रोमन. ख्रिस्तपूर्व ४४ साली किकेरोने अथेन्सला शिकणाऱ्या आपल्या मुलासाठी कर्तव्यांविषयी एक ग्रंथ लिहिला. त्याच्या तिसऱ्या भागात तो एक घर पुढे ठेवतो. मालकाला ठाऊक आहे की ते रोगट आहे, खोल्याखोल्यांतून साप निघतात, लाकूड वाईट आहे आणि ते पडायला झाले आहे. हे त्याच्यावाचून दुसऱ्या कोणालाही माहीत नाही. त्याने हे न सांगता चांगल्या किमतीला घर विकले, तर तो अन्यायाने वागला काय? दोन तत्त्वज्ञ यावर भांडतात. अँटिपेटर म्हणतो, अर्थातच. वाट चुकलेल्याला वाट न दाखवणे जर पाप, तर जाणूनबुजून माणसाला खड्ड्यात जाऊ देणे त्याहून मोठे पाप. डायोजिनीस म्हणतो, त्याने घ्या म्हणून बळजबरी केली काय? विकणाऱ्याने आपल्याच घराच्या खोडी दवंडी पिटून सांगाव्यात यापेक्षा वेडगळ काय असेल? त्याला ठाऊक होते ते सांगितले नाही. पण न सांगणे म्हणजे फसवणे नव्हे. किकेरो निवाडा देतो तो अँटिपेटरच्या बाजूने. मौज अशी की त्याच वर्षीच्या वसंतात त्याच्या स्वतःच्या मालकीच्या भाड्याच्या दोन जागा कोसळल्या होत्या आणि बाकीच्यांना तडे गेले होते. भाडेकरूच काय, उंदीरसुद्धा निघून गेले, अशी थट्टा त्याने मित्राला लिहिलेल्या पत्रात केली आहे. भाडेकरूंना त्याने आधी काही सांगितले होते की नाही, ते पत्रात नाही.

त्याने दिलेले खरे खटले तर याहून रंगतदार आहेत. क्लाउडियस सेंटुमालस नावाच्या गृहस्थाचे कीलियन टेकडीवर उंच घर होते. शकुन पाहणाऱ्या अधिकाऱ्यांना त्याच्या उंचीची आडकाठी होई, म्हणून त्यांनी वरचा भाग पाडायचा हुकूम दिला. याने तो हुकूम खिशात ठेवून घर विकून टाकले. मग तोच हुकूम घेणाऱ्यावर बजावला गेला आणि त्याला पाडकाम करावे लागले. खटला उभा राहिला. न्याय देणारा होता मार्कस केटो, पुढे प्रसिद्धीस आलेल्या केटोचा बाप. त्याने ठरवले की विकणाऱ्याला ठाऊक असून त्याने सांगितले नाही, तेव्हा नुकसान त्याने भरून द्यावे. दुसरा खटला सर्जियस ओराटाचा, जो कालवांच्या शेतीबद्दल रोमभर ठाऊक होता. त्याने एक घर विकले आणि काही वर्षांनी तेच परत विकत घेतले. त्या घरावर दुसऱ्या कोणाचा तरी एक हक्क होता, आणि परत विकताना कागदात तो लिहिला नव्हता. ओराटा कोर्टात गेला. त्याचा वकील म्हणाला, विकणाऱ्याने दोष सांगितला नाही, भरपाई द्यावी. समोरचा वकील म्हणाला, अहो, हे घर याचेच होते! याला ठाऊक नसेल तर कोणाला असेल?

आपल्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात मला हे दोन्ही वकील बसलेले दिसतात. १८८२ चा हा कायदा मुंबई इलाख्याला लागू झाला १८९३ च्या १ जानेवारीपासून. इंग्रजी परंपरा मुळात डायोजिनीसच्या बाजूची: घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवावेत. तरी पंचावन्नाव्या कलमाने विकणाऱ्यावर एक बंधन घातले. मालमत्तेत किंवा तिच्यावरच्या हक्कात जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला ठाऊक आहे, घेणाऱ्याला ठाऊक नाही, आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही कळला नसता, तो विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे; न सांगणे ही लबाडी समजली जाईल. वाचायला हे फार छान आहे. पण साधारण काळजी म्हणजे किती? भिंतीला हात लावणे? गवंडी नेणे? यंत्र लावणे? ज्या गावात घर घेण्यापूर्वी कोणीच गवंडी नेत नाही, तिथे चुन्याखालची ओल हा लपलेला दोष, आणि मालकाने तो सांगायला हवा. ज्या गावात सगळेच नेतात, तिथे तीच ओल साधारण काळजीने कळण्यासारखी, आणि मालक गप्प बसायला मोकळा. तपासणीची चाल जितकी वाढेल, तितकी विकणाऱ्याच्या जिभेवरची सक्ती सैल होईल. मी वकील नाही. कोणी जाणत्याने माझी चूक दाखवली तर आनंदच होईल. पण या कोड्याचा उलगडा मला आजवर झालेला नाही.

नव्या इमारतींबाबत गोष्ट थोडी सोपी झाली. २०१६ च्या रेरा कायद्याने ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधणीतला दोष दाखवून दिला तर तो विकासकाने फुकट दुरुस्त करावा असे ठरले; हम्मुराबीचा बांधणारा इतक्या शतकांनी पुन्हा सापडला म्हणायचा, मान मात्र शाबूत राहून. जुन्या घरांना हे लागू नाही. मुंबईत १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानंतर भाडी गोठली, मालकांनी दुरुस्तीचा नाद सोडला, आणि अखेर १९६९ च्या कायद्याने सरकारला इमारत दुरुस्ती आणि पुनर्रचना मंडळच स्थापावे लागले. तिथे घर पाहायला खरेदीदार जाण्याच्या आधी पावसाळा जाऊन येई.

असो. ‘घर पाहावे बांधून’ असे आपण म्हणतो, ‘घेऊन’ म्हणत नाही; आणि आमच्या वडिलांना तर घेऊनही पाहता आले नाही.

आईने हट्ट सोडला नाही. एका रविवारी वडील, मी आणि कसब्यातले एक म्हातारे मिस्त्री त्या वाड्यात गेलो. मिस्त्रींजवळ एक थापी, एक ओळंबा आणि एक पटाशी. मालकांनी चहा दिला आणि ते वाक्य उच्चारले: ‘‘मास्तर, आमच्यावर विश्वास नाही का?’’ वडील खाली मान घालून बशीतला चहा पीत राहिले.

मिस्त्री मला म्हणाले, ‘‘बाळ, रंग बगायचा न्हाई. वास घ्यायचा.’’ त्यांनी भिंतीला नाक लावले, मग मलाही लावायला सांगितले. चुन्याखालून नदीचा वास येत होता. त्यांनी तळहाताने भिंत थोपटली. एका जागी आवाज भरीव, दोन हातांवर पोकळ. आतली माती विरघळून खाली बसली होती आणि वरची वीटच तेवढी भिंत म्हणून उभी होती. खांबाच्या बुंध्यात, तळखड्याच्या अगदी वर, पटाशी टोचली तर ती लोण्यात जावी तशी गेली. शेवटी त्यांनी देवघराच्या भिंतीतल्या एका खोल कोनाड्याच्या वरच्या कडेला आतून बोट फिरवले आणि वडिलांपुढे धरले. तिथपर्यंत चुन्याचा कुंचला पोहोचला नव्हता. बोटावर बारीक, करडा, सुकलेला गाळ होता. तो कोनाडा माझ्या डोक्याच्या वर होता.

मालक काही बोलले नाहीत. वडीलही बोलले नाहीत. बाहेर आल्यावर मिस्त्री म्हणाले, ‘‘मास्तर, फुकट दिला तरी नका घेऊ. पोरंबाळं हाईत.’’

घर घेतले नाही, पाटल्या मोडल्या नाहीत. आईने त्या दिवशी शिरा केला. आजीसुद्धा गप्प बसली. आमच्या घरात पुढे कित्येक वर्षे ही गोष्ट वडिलांच्या सावधपणाची म्हणून सांगितली जाई, आणि विसाराचे पाचशे एक रुपये मालकांनी सभ्यपणे परत केले, असा तिचा शेवट असे.

त्याच वर्षी दिवाळीनंतर तो वाडा दुसऱ्या एका कुटुंबाने घेतला. १९६५ च्या पावसाळ्यात त्याची मागची भिंत रात्री पडली. कोणी दगावले नाही. पण त्या घरातल्या बाईंचा पाय मोडला, आणि नंतर त्या काठी घेऊनच चालत. त्यांचा धाकटा मुलगा माझ्या वर्गात होता. वडिलांनी त्याला इंग्रजीची शिकवणी दिली, तीन वर्षे, पैसे न घेता. मला त्याचे कारण कळत नसे. वडील इतरांकडून शिकवणीचे दहा रुपये चोख घेत.

वडील १९८८ साली गेले. त्यांच्या ट्रंकेत जमाखर्चाच्या वह्या होत्या, एकूण एक पैसा लिहिलेल्या. १९६२ च्या वहीत चैत्र महिन्यात पुढील नोंदी आहेत. विसार परत आला, रुपये ५०१. मिस्त्रींस, रुपये ५. आणि त्याखाली बारीक अक्षरात: घराविषयी कोठे बोलणार नाही असे त्यांस वचन दिले.

तोवर किकेरोचा तो ग्रंथ माझ्या वाचण्यात येऊन गेला होता. अँटिपेटर आणि डायोजिनीस दोघेही विकणाऱ्याच्या कर्तव्यावर भांडतात. घर पाहून, दोष ओळखून, आपले पैसे सोडवून घेऊन निघून गेलेल्या माणसाविषयी दोघांपैकी कोणी काही म्हणत नाही. पंचावन्नावे कलमही म्हणत नाही. कौटिल्याच्या चाळीस कुळांतला एक म्हणून वडील त्या दारात उभे असते, तर त्यांना बोलावेच लागले असते. पण १९६२ साली दारात पुकारा होत नव्हता, आणि पाचशे एक रुपये म्हणजे मास्तरांचा तीन महिन्यांचा पगार होता.

भाचीच्या अभियंत्याने न्हाणीघराच्या मागच्या भिंतीत ओल आणि गच्चीतल्या दोन तुळयांत गंजलेल्या सळया दाखवल्या. तिने ते घर घेतले नाही. खाली उतरताना त्या गृहस्थांनी तिला हळूच विचारले, हा अहवाल तुम्ही आणखी कोणाला दाखवणार नाही ना? भाचीने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, ‘‘विचारील त्याला दाखवू.’’ ते रागावले. परतीच्या वाटेवर भाचीने विचारले, ‘‘मामा, तुम्ही मध्ये का पडलात?’’ मी तिला घरी नेले आणि ती वही काढून दिली.